वडिलार्जित शस्त्राची निगा

मराठवाड्यातील जुन्या देशमुखी-पाटिलकीच्या घरांतून सनदा, मिसली आणि फारसी शिक्क्यांचे कागद यांच्या जोडीला आणखी एक वस्तू वारसाहक्काने चालत आलेली आढळते, आणि ती म्हणजे जुन्या धोतरात गुंडाळून कपाटाच्या कोपऱ्यात उभी केलेली बंदूक. निजामी अमलात अव्वल तालुकदार हा जिल्ह्याचा मुख्य अंमलदार असे, त्या काळी मिळालेला तिचा परवाना. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपल्यानंतर नव्या हुकमतीपुढे तो रुजू करण्यासाठी घातलेले हेलपाटे. आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आल्यावर एकाखाली एक उमटत गेलेले नूतनीकरणाचे शिक्के, एवढा सगळा इतिहास त्या एका गुंडाळीपाशी साठलेला असतो. परंतु वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती गुंडाळी सोडून, हळदकुंकू वाहून, पुन्हा बांधून ठेवण्यापलीकडे तिच्याशी कोणाचा संबंध येत नाही. आणि ती उघडून पाहावी, साफ करावी, की जशी आहे तशीच जपावी, या प्रश्नाचा विचार तर त्याहूनही विरळा.

छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्यातील एका घरी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी या प्रश्नावर वडील आणि त्यांची कन्या यांच्यात जो संवाद झाला तो येथे देत आहे. वडिलांचे वय सत्तरीच्या पुढचे. पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी शाखेत राहून उमेदीची वर्षे त्यांनी पैठणच्या जायकवाडी धरणावर काढली. कन्या इतिहासाची पदवीधर, आणि जुन्या वस्तूंच्या जतनाचे शास्त्र रीतसर शिकलेली. समोर सतरंजीवर कन्नड तालुक्यातील मूळ वाड्यातून आणलेली .३१५ बोअरची, बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याची, बोल्टची रायफल होती.

वडील : बैस अशी बाजूला, नळीच्या तोंडापुढे कोणी बसावयाचे नाही. रायफल रिकामी आहे हे पक्के ठाऊक असले तरी हातात घेताना ती भरलेली आहे असेच समजावयाचे, हा आमच्या वडिलांनी दिलेला पहिला धडा. म्हणून आधी मॅगझीन काढले, मग बोल्ट मागे ओढला, काडतुसाच्या घरात डोळ्यांनी पाहिले, आणि केवळ डोळ्यांवर विसंबून न राहता करंगळी घालून चाचपले. काडतुसे पलीकडच्या खोलीत कुलपात आहेत. आता ही खोलून पुसावयास हरकत नाही.

कन्या : हरकत माझी आहे, बाबा. गज, चिंध्या आणि तेल हे मला समजते. पण तो एमरी कागद आणि ती तारेची कुंचली कशासाठी? या पोलादावर जी निळसर काळी झाक दिसते ना, तो वरून दिलेला रंग नव्हे. तोही लोखंडाचा एक प्रकारचा गंजच आहे. मात्र तो दाट आहे, धातूला घट्ट धरून बसलेला आहे आणि कारखान्यात जाणूनबुजून चढविलेला आहे. तांबडा गंज भुसभुशीत असतो, हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि खाली खाली खात जातो. काळा थर मात्र आतल्या धातूचे रक्षण करतो. एमरी कागदाला या दोहोंतला भेद कळत नाही. तो शत्रूबरोबर पहारेकऱ्यालाही कापून काढतो, आणि मग उघडे पडलेले पोलाद पुढच्याच पावसाळ्यात पहिल्यापेक्षा दुप्पट वेगाने तांबूस होते. शिवाय येथे पाहा : तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची ही बोटाच्या पेराएवढी मुद्रा, तिच्या शेजारी परीक्षेचे ठसे, आणि हा क्रमांक. या मुद्रेतील मधल्या बंदुकीचा निम्मा भाग कोणीतरी पूर्वीच घासून नाहीसा केला आहे. उरलेला निम्मा तुमच्या हातून जाऊ नये, एवढीच माझी विनंती.

वडील : कागद मी बाजूला ठेवतो, तुझे म्हणणे मला पटले. पण त्यातून तू असा निष्कर्ष काढशील की हात लावूच नये, तर तो मला मान्य नाही. जायकवाडीला सत्तावीस दरवाजे आहेत. नाथसागर भरला नाही तर ते वर्षच्या वर्ष बंद राहतात. दुष्काळाच्या पाठोपाठच्या वर्षांत तर माणसांना त्यांचा विसर पडावा अशी स्थिती येते. तरीही दर उन्हाळ्यात दोरखंडांना वंगण, गिअरांची तपासणी, रबरी सिलांची पाहणी हे सारे व्हावयाचेच. कारण ज्या दिवशी पाणी येते त्या दिवशी दुरुस्तीला सवड नसते. यंत्र वापरात नाही म्हणून त्याची निगा थांबविली की ते यंत्र राहत नाही, केवळ वजन उरते. ही रायफलही यंत्र आहे. तिचा प्रत्येक भाग ज्या कामासाठी घडविला ते काम करण्यास तो समर्थ असला पाहिजे. त्याशिवाय तिला जपले असे मी म्हणणार नाही.

कन्या : धरणाचा दरवाजा चालला पाहिजे, कारण तो न चालल्यास गावे बुडतील. ही रायफल न चालल्यास काय बुडणार आहे? आपल्या गौताळ्याच्या रानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला जागा उरली नाही, आणि उरू नये असेच तुम्हालाही वाटते. काळविटांचे कळप आणि बिबळे ज्या पिढीने कमी केले त्या पिढीच्याच हातात अशा रायफली होत्या. देशातले शेवटचे चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानात तेथील राजाच्या गोळीने पडले आणि १९५२ मध्ये ही जात भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले, हे आपण विसरावे काय? मी ही वस्तू टाकून द्या म्हणत नाही. ती साक्षीदार आहे असे म्हणते. आणि साक्षीदाराने साक्ष द्यावी, पुन्हा कामावर रुजू होऊ नये.

वडील : साक्षीदार म्हणतेस, तर तिची साक्ष घेऊ. बोल्टचे डोके वर फिरविले की तो असा सरळ मागे निघून येतो. त्याच्या दांड्यावर हा क्रमांक, आणि नळीच्या मागच्या अंगावरही तोच क्रमांक. हे दोन्ही जुळले पाहिजेत, कारण एका रायफलीचा बोल्ट दुसरीत बसला तरी काडतुसामागची जागा कमीअधिक होते, आणि त्या केसभर फरकापायी झाडणाऱ्याच्या डोळ्याला इजा पोहोचू शकते. म्हणून दुकानात मिळाला म्हणून दुसरा बोल्ट घालावयाचा नाही. आतली सुई आणि स्प्रिंग मी सोडविणार नाही; त्याला खास हत्यार लागते, आणि ते काम परवानाधारक शस्त्रकारागिराचे. कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती हाच परवान्याचा विषय आहे. मालकाने करावयाची ती सफाई, तिच्यापुढे जाऊ नये. आता मागच्या बाजूला मी हा पांढरा कागद धरतो. बोल्ट हातात वेगळा आहे, म्हणूनच पुढून पाहण्याची परवानगी देतो. काय दिसते?

कन्या : तोंडाकडचे आटे स्वच्छ आहेत, कडा धारदार आहेत, वळण शेवटपर्यंत नजरेत येते. पण मागे, काडतुसाच्या घरापासून वीतभर अंतरापर्यंत, नळीच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे काळे खड्डे आहेत. हे घासून गेलेले नव्हे, खाल्लेले आहे.

वडील : आता त्याचे कारण ऐक. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. घोडा पडला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होई, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. आणि तो क्षार नळीत पसरून हवेतले पाणी ओढून घेई. या क्षाराला तेल विरघळवू शकत नाही. वरून कितीही तेल लावले तरी खाली ते काम चालूच राहते. त्याला उपाय एकच : रायफल झाडली त्याच दिवशी मागच्या अंगाने नरसाळे लावून उकळते पाणी नळीतून ओतावयाचे, गरम झालेली नळी आपोआप कोरडी होऊ द्यावयाची, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाची. लष्करातही हीच रीत होती. हे खड्डे सांगतात की कोणीतरी एके दिवशी ती झाडली आणि पाणी घालण्यास त्याला सवड झाली नाही. आमच्या लहानपणी वाड्यात बोलले जाई की मुक्तिसंग्रामाच्या त्या वर्षी आजोबा रात्र रात्र माडीवर पहाऱ्याला असत.

कन्या : बोलले जाई हे खरे, पण नळीतले खड्डे एवढेच सांगतात की गोळी झाडली गेली. कोणावर, कोणासाठी, कोणत्या रात्री, हे ते सांगत नाहीत. १९४८ साली मराठवाड्यात बंदूक रझाकारांच्या हातात होती, निजामाच्या पोलिसांच्या हातात होती, आणि सीमेवरच्या छावण्यांतून लढणाऱ्या तरुणांच्याही हातात होती. १५ सप्टेंबरला मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्यांनी हे शहर ताब्यात घेतले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत गावोगाव काय घडले याच्या कथा प्रत्येक घरात वेगळ्या आहेत. आपली कथा अभिमानाची असेल, नसेलही. म्हणूनच मला हे खड्डे जसेच्या तसे राहावेत असे वाटते. तुम्ही कुंचलीने ते उजळवू गेलात तर नळी काही नवी होणार नाही, फक्त त्या दिवसाचा एकमेव लेखी पुरावा पुसला जाईल.

वडील : खड्डे उजळत नाहीत, हे मलाही कळते; घासले तर रुंदावतात. पण त्यांच्या तळाशी क्षार अद्याप जिवंत असेल तर तो पुरावा स्वतःलाच खात राहील, आणि आणखी वीस पावसाळ्यांनी तुझ्या साक्षीदाराची जीभच झडून जाईल. तेवढ्यासाठी मी पाणी ओतणार, मागून पुढे गज घालणार, आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत थांबणार. पुढून गज घालावयाचा नाही; तोंडाची कड झिजली की गोळीची दिशा बिघडते. याला तुझी हरकत आहे?

कन्या : मुळीच नाही. क्षार काढणे हे आमच्या शास्त्रातही पहिले कर्तव्य आहे. जे केले ते पुढे कोणाला उलटविता आले पाहिजे आणि जे गेले ते परत येणारे नसेल तर त्याला हात लावू नये, एवढाच आमचा दंडक. पाणी आणि तेल या दंडकात बसतात. एमरी कागद बसत नाही.

गरम पाण्याची किटली रिकामी होईपर्यंत दोघेही बोलले नाहीत. पहिली चिंधी तपकिरी निघाली, पुढच्या करड्या, आणि अखेरची जवळजवळ पांढरी. त्यानंतर वडिलांनी पेचकस हाती घेतला, आणि वाद पुन्हा उभा राहिला.

कन्या : लाकूड उतरविणार?

वडील : होय. नळीखालचा हा पुढचा अक्रोडी भाग आणि पोलाद यांच्यामध्ये ओलावा साचतो, आणि वरून चकचकीत दिसणारी रायफल नेमकी तेथे पोखरलेली असते. जेथे डोळा पोहोचत नाही तेथेच पाहावयाचे, हे मी नोकरीत शिकलो.

कन्या : पण या वर्गाच्या रायफलीत ते लाकूड पोलादावर ठरावीक दाबाने बसविलेले असते; प्रत्येक वेळी उतरविले की ते थोडे सैल होते, कडांचे टवके उडतात, आणि स्क्रूच्या खाचा विस्कटतात. बाजारात मिळणारा निमुळता पेचकस खाचेत पुरता बसत नाही, निसटतो, आणि आयुष्यभराचा ओरखडा ठेवून जातो. दरवर्षी पूजेच्या निमित्ताने लाकूड उतरविणे म्हणजे निगा राखता राखता वस्तू संपविणे.

वडील : दरवर्षी नव्हे. माझ्या हयातीत हे एकदाही उतरविलेले नाही. एकदा पाहू, खाचेच्या मापाला घासून घेतलेला पेचकस मी त्यासाठीच केला आहे. तू आधी छायाचित्रे काढ, प्रत्येक स्क्रू निघेल तसा कागदावर त्याच्या जागी मांड, आणि जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेव. आत तेलाचा हात फिरविला की पुढच्या पिढीला पुन्हा उघडण्याचे कारण पडू नये.

लाकूड उतरले. खाली नळीच्या पोटावर दोन बोटे रुंदीचा तांबडा पट्टा होता. बाहेरून त्याची कसलीच खूण नव्हती. मुलीने छायाचित्र घेतले. वडिलांनी तेलात भिजविलेल्या जाड कापडाने, दाब न देता, तो भुसभुशीत थर सावकाश उतरविला आणि खालचा काळा थर लागताच हात थांबविला. दोघांपैकी कोणा एकाच्याच मताप्रमाणे झाले असते तर ते काम नीट झाले नसते : एकट्या वडिलांचा हात धातूपर्यंत गेला असता, आणि एकट्या मुलीच्या आग्रहाने तो पट्टा लाकडाखाली तसाच वाढत राहिला असता.

वडील : दस्त्याला जवसाचे तेल. आपल्याकडे पिकते तेच; पण थेंब थेंब, तळव्याने चोळून, आणि दोन हातांमध्ये दिवस जाऊ देऊन. ही तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचे तेल वाळताना तापते, आणि गोळा करून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. अंगणात पसरून वाळव.

कन्या : आणि ही चामड्याची म्यान?

वडील : भिंतीवर टांग. चामडे कमावतानाचे क्षार आणि ओलावा ते पोलादाला देते. रायफल तिच्यात ठेवावयाची नाही.

कन्या : रायफलीची चिंता मिटली, तर आता माझा शेवटचा प्रश्न. ही ठेवावयाची कशासाठी? या .३१५ मापातच परक्या राजवटीचा अविश्वास कोरलेला आहे. लष्कराचे .३०३ काडतूस हिंदी लोकांच्या खाजगी बंदुकांत चालू नये म्हणून त्यांच्यासाठी हे निराळे माप रूढ झाले, आणि .३०३ आजही सामान्य परवान्याच्या कक्षेबाहेरच आहे. १८५७ च्या जूनमध्ये याच शहरातल्या छावणीत निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या घोडेस्वारांनी बंड केले, त्यांतल्या काहींना जेथे देहान्त शिक्षा झाली तो काळा चबुतरा क्रांती चौकात आहे. शस्त्र कोणाच्या हाती असावे या चिंतेने राज्यकर्त्यांना त्यानंतर कधी सोडले नाही. एवढा अर्थ जिच्यात आहे ती वस्तू आपल्या कपाटात राहण्यापेक्षा, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मंजुरीने निकामी करून, महानगरपालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी, तिच्या कागदपत्रांसह का ठेवू नये?

वडील : संग्रहालयाला माझा विरोध नाही. दौलताबादेवरची मेंढा तोफ उघड्या बुरुजावर शतकानुशतके उभी आहे. पण ती मिश्रधातूची आहे, तिला तेलाची गरज नाही. ही लोखंडाची आहे. तेथे हिला दर पावसाळ्याआधी कोणी तेल लावील अशी लेखी हमी मिळेल त्या दिवशी मी स्वतः घेऊन जाईन. तोपर्यंत ती माझ्या देखरेखीखाली राहावी. आणि शस्त्र घरात असून ज्या घरातल्या माणसांना ते उघडता येत नाही, रिकामे की भरलेले हे ओळखता येत नाही, त्या घराला त्याच्यापासून अधिक धोका आहे असे मी मानतो. मी तुला आज जे दाखविले ते रायफल झाडता यावी म्हणून नव्हे. तिच्याजवळ निर्भयपणे आणि सावधपणे उभे राहता यावे म्हणून.

कन्या : मग परवान्याचे काय? तुमच्यानंतर ती कोणाच्या नावावर?

वडील : यावर मी इतकी वर्षे विचार पुढे ढकलला, हे कबूल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्या ताब्यात असले, म्हणजे त्याला हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावाने अर्ज करविता येतो. शहरात तो पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आणि वारशाने आलेली धरूनही दोनच शस्त्रे ठेवता येतात. तुला ती नावावर नको असेल तर आताच सांग. संग्रहालयाचा अर्ज मी माझ्या हाताने लिहितो.

कन्या : अर्ज दोन्ही करू. वारसाचा माझ्या नावाने, कारण मधल्या काळात ती निराधार राहू नये. आणि संग्रहालयाशी पत्रव्यवहार आजपासून, त्यात आज काढलेली छायाचित्रे, खड्ड्यांची नोंद आणि लाकडाखालच्या पट्ट्याचे वर्णन जोडून. आजोबांच्या पहाऱ्याची कथा मी लिहीन, पण ऐकीव म्हणूनच लिहीन.

हा संवाद येथे संपतो; त्यातून निघणारा निर्णय मात्र या एका घरापुरता नाही. शस्त्र चालते ठेवावे असे मानणारा आणि ते केवळ स्मृती म्हणून जपावे असे मानणारा, या दोघांच्या भूमिका परस्परविरुद्ध असल्या तरी दोन्ही प्रामाणिक आहेत, आणि दोहोंसाठी कायद्यात वाट आहे. ज्याला वाट नाही तो तिसरा, सर्वांत अधिक आढळणारा प्रकार : गुंडाळून ठेवणे आणि विसरणे. अशी बंदूक गंजली म्हणजे ती शस्त्र राहिली नाही, असा गैरसमज आपल्याकडे सर्रास आढळतो. शस्त्र अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमाने जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला दिलेली सूट फक्त जे दुरुस्तीनेही चालू शकणार नाही त्याला आहे. दुरुस्त होऊ शकणारी गंजकी बंदूक ही कायद्याच्या दृष्टीने बंदूकच असते. परवानाधारक निवर्तल्यानंतर ती अनावश्यक विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे एकविसावे कलम सांगते. पुढचा निर्णय त्यानंतर सावकाश घेता येतो.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी गुंडाळी आहे त्यांनी येत्या खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात : बोल्ट काढून, उजेडाकडे धरून, नळीत पाहावे, आणि परवान्याची पुस्तिका उघडून तिच्यावर हयात माणसाचे नाव व न सरलेली मुदत आहे की नाही हे पाहावे. पहिल्यात गंज दिसला तर पाणी आणि तेल घरात आहे. दुसऱ्यात उणीव दिसली तर सण उरकताच, त्याच आठवड्यात, कचेरीत जावे.